शनिवारचा मराठी कट्टा, सराफ्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री इंदूरमधली पंधरा-वीस मराठी माणसं राजवाड्यापाशी जमतात, सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत, शिरतात, उभ्याउभ्या खातात, भरपूर बोलतात आणि बाराच्या आत-बाहेर घरी जातात. एवढंच आहे. ना वर्गणी, ना अध्यक्ष, ना स्वागतगीत. तरी दर महिन्याला दुसरा शनिवार जवळ आला की माझा फोन सुरू होतो आणि प्रश्न तेच असतात. गेल्या खेपेला कणीक भिजवत एका हाताने सात जणांना एकच उत्तर दिलं, तेव्हा ठरवलं की आता हे लिहूनच ठेवायचं.

नेमकं कुठे आणि किती वाजता?

रात्री साडेनऊला, राजवाड्यासमोरच्या बागेत, अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी. पुतळा लक्षात ठेवा. पहिल्या कट्ट्याला मी सगळ्यांना नुसतं "राजवाड्यासमोर" असं सांगितलं होतं. चौदा माणसं चार ठिकाणी उभी राहिली. दोघं मोठ्या दरवाजाशी, काही जण कृष्णपुऱ्याच्या बाजूला, आणि एक काका थेट सराफ्यात जाऊन, दोन दहीबडे खाऊन, "कुणी आलंच नाही" म्हणून घरी निघालेले. सगळ्यांना गोळा करायला पाऊण तास गेला. राजवाडा सात मजल्यांचा आहे. त्याच्या "समोर" बरंच काही असतं.

साडेनऊच का, हेही विचारतात. सराफा दिवसा खराखुरा सराफा असतो, सोन्याचांदीचा. ती दुकानं बंद झाली की त्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. आठला गेलात तर नुसती मांडामांड दिसेल. रात्री गजबज राहिली तर दुकानांवर आपोआप नजर राहते, म्हणून सराफांनीच खाण्यापिण्याला जागा दिली, असं जुनी मंडळी सांगतात.

मी कुणालाच ओळखत नाही. एकट्याने आलो तर चालेल?

एकट्यानेच या. जोडीने आलेली माणसं आपापसातच बोलत बसतात, असा माझा अनुभव आहे.

आमचा एकमेव नियम याच्यासाठीच आहे: एक प्लेट, चार चमचे. कुणीही स्वतःपुरती प्लेट घ्यायची नाही. चौघांत एक घ्यायची, आणि पुढच्या गाडीवर चौघं बदलायचे. सुरुवातीला मी हा नियम पोटासाठी केला होता, कारण एकेकाने अख्खी प्लेट घेतली की तिसऱ्या गाडीशी सगळे गार. नंतर लक्षात आलं की ओळख करून द्यायचं माझं कामच त्याने संपवलं. एका दोन्यात (द्रोणात) चार चमचे असले की माणूस गप्प राहूच शकत नाही. "तुम्ही घ्या", "नाही, तुम्ही घ्या", "लिंबू पिळू का?" इथून सुरू होतं, आणि पाच मिनिटांत कोण रामबागेतलं, कोणाची आत्या राजेंद्रनगरात, सगळं बाहेर येतं.

मागच्या थंडीतलं सांगते. सांगलीहून नोकरीसाठी आलेला एक मुलगा, इंदुरात येऊन तीन आठवडे झालेले, हात खिशात घालून कडेला उभा होता. आमच्यातल्या एका काकूंनी त्याच्यापुढे गराडूचा दोना धरला आणि म्हणाल्या, "घे रे, टोचून घे. हे काय आहे ते ओळख बघू." तो म्हणाला, "बटाटा?" "नाही." "सुरण?" "जवळ आलास." शेवटी त्यांनीच सांगितलं की हा कंद आहे, सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून त्या घरी करत नाहीत. मुलगा म्हणाला, "आमच्याकडे आई अळू चिरताना हाताला तेल लावते." त्यावर काकूंनी त्याच्या आईचं गाव विचारलं. आता तो दर महिन्याला येतो आणि नवीन माणसांना गराडू ओळखायला लावतो.

हा "कांदेपोह्यांचा" कार्यक्रम आहे का?

नाही हो. इंदुरात पोहे म्हणजे नुसते पोहे.

हा प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा मुलांचे आईवडील असतात, आणि माझं "नाही" ऐकून त्यांचा आवाज जरा पडतो. इथे दोन मुलांचं जमलं असेलही, मला अजून पत्रिका आलेली नाही. एकच विनंती: पहिल्याच प्लेटला समोरच्याला पगार, गोत्र आणि "अजून का नाही?" हे विचारू नका.

खायचं काय? आणि कशाच्या आधी काय?

आता खऱ्या विषयावर आलो.

सुरुवात भुट्ट्याच्या कीसाने. मराठी माणसाला या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. बटाट्याचा, रताळ्याचा कीस घरात असतोच. इथे कोवळं मक्याचं कणीस किसतात, तुपात मोहरी-हिंग-मिरचीच्या फोडणीवर परततात आणि दूध घालून शिजवतात. गाडीवर पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे कढईची कड. मधला कीस मऊ, पिवळा, आणि कडेला तूप सुटून त्याला तांबूस खरवड धरलेली. वाढणारा उलथन्याने मधला भाग उचलतो. तुम्ही "भिया, जरा किनारेवाला भी" असं म्हणायचं. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू, जीरावण मसाला. पहिला चमचा गोडसर लागतो, मग मागून मिरची येते.

दुसरा दहीबडा. जोशींच्या दुकानापुढे गर्दी असते आणि ती निम्मी बघ्यांची असते, कारण दही घातलेला दोना ते हवेत उडवतात, झेलतात आणि थेंब सांडत नाही. माझ्या मते खरी करामत त्याच्यानंतरची आहे. वेगवेगळे मसाले एकाच चिमटीत घ्यायचे आणि दह्यावर एकेक वेगळा सोडायचा: आधी एक, मग दुसरा, मग तिसरा. बोटं तीच. मी घरी करून पाहिलं. सगळे मसाले एकदमच पडले, बरेचसे ओट्यावर.

मग खोपरा पॅटिस. बाहेर बटाटा, आत खोबऱ्याचं सारण, गरम तळलेली. विजय चाटची प्रसिद्ध आहे. अर्धी-अर्धी करा, एका घासात घालू नका, आतलं सारण बराच वेळ पोळतं.

थंडीत गराडू हवाच. एकदा तळलेल्या फोडी समोर पुन्हा कडकडीत तळून, मसाला आणि लिंबू मारून देतात. उन्हाळ्यात तो मागू नका, हसतील.

साबुदाण्याच्या खिचडीवरून आमच्यात दोन तट आहेत. इथली खिचडी वाफेवरची, मोकळी, वरून फरियाली (उपासाचं) मिक्चर, लिंबू, मसाला. आणि ती रोज मिळते, उपास असो-नसो. आपली घरची तुपातली, दाण्याच्या कुटाची. एका आजींचं मत असं की ही "खिचडीची भेळ" आहे. पण आजींनीच दोन वेळा घेतली, हे मी पाहिलं आहे.

शेवटी गोड. जलेबा म्हणजे ताटाएवढी जिलबी; एकट्याने घेणं हा नियमभंगच नव्हे तर वेडेपणा आहे. मालपुआ-रबडी आहे, मावाबाटी आहे. निवडा एक. तिन्ही घेतलेल्या माणसाला आम्ही एकदा घरापर्यंत सोडून आलो आहोत.

प्यायला काय असतं? ... म्हणजे "ते" असतं का?

"ते" नसतं. ज्यांना हवं त्यांनी आपल्या वेळी, आपल्या जागी घ्यावं. कट्ट्याला घेऊन येऊ नये, पोटातूनही नाही.

इथलं पेय म्हणजे शिकंजी, आणि बाहेरगावचे सगळे इथे फसतात. शिकंजी म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर लिंबाचं सरबत येतं. हातात येतं ते दाट दुधाचं, केशर-वेलचीचं, सुकामेवा घातलेलं आणि किंचित आंबूस असं काहीतरी, जे प्यायचं की खायचं हे ठरवायला वेळ लागतो. श्रीखंडाला पातळ होण्याची इच्छा झाली तर जे होईल, ते. एक ग्लास दोघांत. जेवणाआधी पिऊ नका, मग पुढचं काही जात नाही. थंडीत केशरी दूध, बाकी वर्षभर चहा. पाण्याची बाटली मात्र प्रत्येकाने आपली आणावी.

माझी मराठी अशीतशीच आहे. हसतील का?

हसतील, पण तुमच्यावर नाही, स्वतःवर. इथे कुणाची मराठी धड आहे? होळकरांच्या मागोमाग आलेली घराणी, मग १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली तेव्हा वाढलेला कारकून-कारभाऱ्यांचा पसारा, पुढे नोकरीनिमित्त आलेले. काही घरांत सातवी-आठवी पिढी आहे. आम्ही भाजीला सब्जी म्हणतो, "याद नाही राहिलं" म्हणतो, आणि पुण्याची भावंडं आली की दोन दिवस जपून बोलतो.

खरं सांगायचं तर कट्टा याच कारणाने सुरू झाला. माझ्या मुलीची मराठी आजीपुरती होती. आजीशी मराठी, दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. भाषा घरात चप्पल काढून बसल्यासारखी झाली होती. सानंद या इथल्या मराठी संस्थेची नाटकं आहेत, गणपती आहेत, पण तिथे आपण ऐकतो, बघतो. बोलणं राहून जातं. सराफ्यात उभं राहून, तोंडात घास असताना, "अगं ते तिखट आहे, थांब" असं जे मराठीत निघतं, ते मला हवं होतं. गाडीवाल्याशी हिंदी, आपसात मराठी, आणि दोन्हींच्या मधे "हओ", म्हणजे इंदुरी "हो". पोह्यांचंच बघा: गाडीवर "भिया, एक प्लेट पोहा देना", आणि वळून शेजारच्याला "पोहे छान झालेत". एकाच श्वासात एकवचन-अनेकवचन बदलतं. आणि शेव म्हणालात की कळतं पाहुणे आहात, इथे सेव.

नवरा (किंवा बायको) मराठी नाही. आणू का?

आणा. आमच्याकडे एक माळवी जावई आहेत, ते "मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर" हे दर वेळी म्हणून दाखवतात आणि दाल-बाफल्याचं जेवण घरी बोलावून देतात. बाफला आधी पाण्यात उकडतात, मग भाजतात, नुसती भाजलेली ती बाटी, हा फरक मला त्यांच्याकडून कळला. चाळीस वर्षं इंदुरात काढून.

खर्च किती?

वाटून खाल्लं तर माणशी साधारण २०० ते २५० रुपये. प्रत्येक गाडीवर एक जण पैसे देतो आणि शेवटी हिशेब होतो. हिशेब ठेवायला आम्ही एक निवृत्त बँकवाले काका नेमले आहेत; ते रुपया सोडत नाहीत आणि रुपया घेतही नाहीत. सुटे पैसे असू द्या, फोनवरून पैसे सगळीकडे चालतात पण गर्दीत नेटवर्क रुसतं.

कांदा-लसूण खात नाही / उपास आहे / मांसाहार मिळेल का?

सराफा शाकाहारीच आहे, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं. कांदा-लसूण नसलेलं बरंच काही मिळतं, कारण जैन गिऱ्हाईक मोठं आहे. विचारलं की सांगतात. उपासाला फरियाली खिचडी. मात्र तुमच्या घरच्या उपासाला काय चालतं ते तुम्हीच ठरवा. कोथिंबीर चालते का, यावर कट्ट्यात एकदा अर्धा तास गेला आहे.

पोट बिघडलं तर?

तळणीतलं, वाफेवरचं, समोर गरम होणारं खा. दुपारी जेवण हलकं ठेवा, आणि रात्रीचं जेवून येऊ नका. "थोडंसं जेवूनच आलो" म्हणणारा माणूस दहा वाजता जलेब्याकडे बघून हळहळतो.

सराफाच का? छप्पनला का नाही? एखादा हॉल का नाही?

छप्पन दुकान उत्तम आहे. नवीन पलासियाला, नावाप्रमाणे छप्पन दुकानांची रांग, आता वाहनांना बंद, बसायला जागा. म्हातारी माणसं आणि बाळं बरोबर असली तर तिथेच जावं. २०१९ मध्ये तिला स्वच्छ स्ट्रीट फूड हबचा दर्जाही मिळाला. आम्ही वर्षातून दोनदा तिकडे जातो.

पण तिथे माणूस टेबल धरतो, आणि टेबल धरलं की चौघांचे चारच राहतात. सराफ्यात बसायलाच जागा नाही, हाच त्याचा गुण.

हॉलचं म्हणाल तर एकदा एका गच्चीवरच्या कॅफेत केलं होतं. आधी बोलताना "या की, आपलंच आहे", आणि बिलाच्या वेळी माणशी ठरावीक रकमेचं खाल्लंच पाहिजे, अशी अट निघाली. जे चहा पिऊन बसले होते त्यांनी वादाला नको म्हणून सँडविच बांधून घेतली. त्यानंतर छताखाली जायचं नाही असं ठरलं.

गाडी कुठे लावू? आणि रात्री परत जाताना?

राजवाड्याच्या गल्ल्यांत चारचाकी घालू नका. सुभाष चौकातल्या बहुमजली पार्किंगला लावून चालत या, किंवा रिक्षाने. निघताना एका भागातले लोक एकत्र निघतात. सुदामानगरवाले एक गठ्ठा, तिलकनगरवाले एक. एकट्या मुलीला घरी पोचल्याचा निरोप द्यायला सांगतो, आणि तो येईपर्यंत मी झोपत नाही. माझ्या या सवयीला मुली कंटाळल्या आहेत, असू दे.

पाऊस असला तर?

कट्टा असतोच, आणि तेव्हाच नवीन मका आलेला असतो. छत्री आणा. रद्द होतो तो फक्त दोन वेळा: रंगपंचमीच्या गेरीच्या (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या) आसपास शनिवार आला तर, कारण राजवाड्याचा रंग धुऊन निघायला वेळ लागतो, आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) रात्री, कारण मग सगळं शहरच रस्त्यावर असतं आणि वेगळ्या कट्ट्याची गरज राहत नाही.

रील काढली तर चालेल?

दहीबड्याची काढा. माणसांची विचारून. आणि काढून झाल्यावर फोन खिशात. गार झालेल्या कीसाला कुणी वाली नसतो.

दोने-चमचे कुठे टाकायचे?

हे बाहेरगावच्यांनी वाचावं. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येत आलं आहे आणि इथे कचऱ्याबद्दल लोक हळवे आहेत. प्रत्येक गाडीपाशी ओल्या-सुक्याचे डबे असतात. खाली टाकलंत तर पोलीस नाही, शेजारचा अनोळखी माणूस बोलेल. तुमचा उरलेला ओला घास वाया जात नाही: शहरातला ओला कचरा देवगुराडियाच्या गोबर-धन प्रकल्पात जातो, रोज ५५० टन पचवायची त्याची क्षमता आहे, आणि त्यातून निघालेल्या वायूवर सिटी बस चालतात. आमच्यातले एक आजोबा साबुदाणा टाकताना म्हणतात, "जा बाबा, बस चालव."

रात्र जमत नाही. सकाळचं काही?

आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी साडेसातला पोहे-जिलबी. इथले पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत गरम राहतात, त्यात बडीशेप असते, कांदा फोडणीत नाही तर वरून कच्चा, मग सेव आणि जीरावण. उसळपोहेही मिळतात. पुण्याकडचे पहिल्यांदा नाक मुरडतात, मग जीरावणाची पुडी किती दिवस टिकते ते विचारतात. पुडी मारोठिया बाजारातून घ्या. टिकायचं म्हणाल, तर आमच्याकडे महिनाही टिकत नाही.

घरून काही करून आणू का?

आणा, पण हातात धरून खाता येईल असं. कुणीतरी एकदा आमटी आणली होती.

आणि डबे परत न्या. मागच्या कट्ट्यात निळ्या झाकणाचा एक स्टीलचा डबा माझ्याकडे राहिला आहे, त्यात गुळपोळ्या होत्या. धुऊन ठेवला आहे. रिकामा द्यायचा नसतो म्हणून त्यात लौंग सेव भरली आहे. ज्यांचा असेल त्यांनी लवकर यावं, घरात दोघांना तिचा पत्ता लागला आहे.